मोजल्याशिवाय न बोलणाऱ्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मोटारीचं म्हणणं ऐकून घेत होत्या. हातभर लांब लाकडी रूळ, त्याचं एक टोक चालू मोटारीच्या अंगाला टेकवलेलं, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मी दारव्ह्याच्या त्या शेडच्या दारात नेमणुकीचं पत्र हातात धरून उभा होतो. दोनदा खाकरलो. बाईंनी डोळे न उघडता मोकळ्या हाताचा पंजा माझ्याकडे केला, म्हणजे थांबा. थांबलो. मिनिटभराने त्यांनी रूळ खाली ठेवला, मोटार बंद केली आणि मोटारीकडेच पाहत म्हणाल्या, "मांगचं बेअरिंग कोरडं पडलं. केव्हाची सांगून राह्यली बिचारी, कोनी ऐकूनच नाही राह्यलं." मग माझ्याकडे वळून, "तुमी कोन?"

"मी नवीन इंजिनिअर. आजपासून इथे."

"आजपासून म्हंजे किती वाजतापासून?"

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. नव्हत्या. त्यांच्या हातात पेन होतं आणि हजेरीच्या वहीत त्यांना माझी वेळ लिहायची होती.

आमचं काम विजेच्या सामानाची तपासणी करण्याचं. ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटर, मोटारी, जे काही दुरुस्त होऊन येई ते वापरायला योग्य आहे की नाही हे आम्ही यंत्रं लावून सांगायचं, आणि आम्ही सांगितल्याशिवाय लाईन चालू करायची नाही. कागदावर मी या पथकाचा प्रमुख होतो. उमरखेडच्या आमच्या वस्तीतला मी पहिला इंजिनिअर. पेढे वाटताना आईने 'साहेब' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला होता, की तो माझ्या नावाचाच भाग आहे असं मला वाटायला लागलं होतं. बाईंकडे डिप्लोमा होता. वयाने त्या माझ्या आईएवढ्या, हुद्द्याने माझ्या हाताखाली. तपासायचं त्यांनी, सही करायची मी. ही व्यवस्था मला फार आवडली होती. पहिले दोन दिवस.

साडीवर पुरुषी सुती फुलशर्ट, पायात रबरी तळव्याचे बूट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट, असा बाईंचा अवतार असे. हेल्मेट त्या कामावर घालतच, पण उतरवायचं विसरत आणि तशाच बाजारात जात. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात गर्दीतून एक पिवळा गोळा सरकताना दिसला की भाजीवाल्या ओळखत, लाईटवाल्या बाई आल्या. त्या दिग्रसकडच्या एका तांड्यातल्या. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि अहवाल लिहिताना इतकी कोरडी, नेमकी मराठी की वाचताना तोंडाला कोरड पडावी.

त्यांच्या सामानात सगळ्यात जास्त मान होता मेगरला. केबलच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं आवरण शाबूत आहे की नाही हे पाहायचं यंत्र म्हणजे मेगर. आम्हाला बटणावर चालणारा नवा मेगर मिळालेला होता. बाई तो वापरत, पण त्याच्या शेजारी त्यांचा जुना, हाताने दांडा फिरवायचा मेगरही नेत आणि दोघांचे आकडे जुळले तरच मान हलवत. या जुन्या मेगरला त्यांच्या आईने पिशवी शिवून दिली होती. लाल-निळ्या धाग्यांचं भरतकाम, त्यात बारीक आरसे, कडेला कवड्या. सबस्टेशनच्या उन्हात ती पिशवी उघडली की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचत, आणि बाई अगदी गंभीर चेहऱ्याने दांडा फिरवायला बसत. मेगरला त्या 'याडी' म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"याडी काहून म्हणता?" मी विचारलं होतं.

"खोटं बोलत नाही. आन् आपलं चुकलं तं एक ठेवून देते."

हे मी तिसऱ्याच दिवशी अनुभवलं. मेगर लावून झाला होता, मी साहेबी थाटात केबलचं टोक उचललं आणि पुढच्या क्षणी दोन पावलं मागे जाऊन बसलो. केबल मेगरची वीज पोटात धरून ठेवते, ती आधी जमिनीत सोडून द्यावी लागते, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलंही होतं. बाई हसल्या नाहीत. वहीत लिहिलं: अकरा वाजून वीस मिनिटं, साहेबांना चटका, दुखापत नाही. खाली सही माझीच होती.

बाईंच्या राज्यात दोन शब्दांना बंदी होती. एक 'बहुतेक' आणि दुसरा 'थोडा'. लाईनमन म्हणाला, "बाई, थोडा गरम होते ट्रान्सफॉर्मर," की त्या लगेच, "थोडा म्हंजे किती?" त्यांचे यजमान शाळेत शिक्षक. एकदा ते मला म्हणाले, "मला ताप आला तरी मी घरी सांगत नाही साहेब. 'थोडा ताप आहे' म्हटलं की या थर्मामीटर लावतात, दर तासाला आकडा लिहितात आणि तक्ता भिंतीवर टांगतात. पाहुणे येऊन वाचतात."

सगळ्यात मोठा हट्ट असे वीज बंद आहे की नाही हे पाहण्याचा. लाईन बंद आहे असं कोणीही सांगो, बाईंचा विश्वास नसे. आधी त्या तपासणीचं यंत्र चालू विजेवर लावून पाहत, ते शिट्टी देतं ना. मग बंद लाईनवर लावत, ते गप्प राहतं ना. आणि मग पुन्हा चालू विजेवर, मधल्या काळात यंत्रच तर मेलं नाही ना. जिथे जवळ चालू वीज नसे तिथे यंत्राची परीक्षा घ्यायला त्यांनी घरी बनवलेली एक बॅटरीची डबी होती. या सगळ्याला त्या एकच नाव देत, "जिवंत, मेलेली, जिवंत." दिवसातून दहा वेळा हे चाले. माणूस पाणी प्यायला खांबावरून उतरला आणि पुन्हा चढायला लागला, की पुन्हा जिवंत, मेलेली, जिवंत.

एप्रिल लागला की बाईंना वेगळंच भरतं येई. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी लोखंडी कुलर लागतात. पाण्याचा, पत्र्याचा आणि विजेचा तो संसार, त्यात कुठे वायर खरवडली गेली की हात लावणाऱ्याची धडगत नसते. रविवारी सकाळी बाई हेल्मेट घालून आपल्या गल्लीत निघत आणि न बोलावता प्रत्येक घरात शिरत. "कुलर कोठी हाय?" एवढंच विचारायचं. घरातलं माणूस आंघोळीत असो की जेवायला बसलेलं असो. तपासायचं, वायर सैल असेल तर घट्ट करायची, कुलरवर खडूने तारीख लिहायची, आणि पुढचं घर. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी आरडाओरडा केला होता की हेल्मेट घातलेली कोणी बाई घरात घुसली. शेजारणीने समजावलं, "घुसू द्या. एप्रिल हाय."

महागावच्या जिनिंगचा किस्सा आमच्याकडे अजून सांगितला जातो. कापसाचा हंगाम ऐन भरात, आणि तिथली मोठी मोटार रोज दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास आपोआप बंद पडे. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मालकाने केबल बदलली, कारागीर बदलला, आणि शेवटी आमच्याकडे तक्रार केली की तुमच्या विजेतच खोट आहे. आम्ही गेलो. वीज तपासली, उत्तम होती. माझ्या मते काम संपलं. मी गाडीकडे निघालो, तर बाई मोटारीच्या पॅनलसमोर उपड्या टोपलीवर बसलेल्या.

"बाई, आपलं काम झालं."

"वीज चांगली हाय हे समजलं. मोटार काहून थांबते हे समजलं काय?"

"ते त्यांचं त्यांनी पाहावं."

"तुमी जा साहेब. मी बसतो."

वऱ्हाडात बायकाही कधी कधी 'बसतो' म्हणतात. बाई बसल्या म्हणजे बसल्याच. मीही बसलो, कारण गाडी एकच होती. दर दहा मिनिटांनी त्या मोटारीचा करंट मोजत, पॅनलला हाताची मागची बाजू टेकवून पाहत, लिहीत. आजूबाजूला कापसाचे ढीग, हवेत तरंगणारा कापूस आमच्या भुवयांवर बसलेला. तीन वाजता बाईंनी मान वर केली. साडेतीनला पुन्हा केली. मग त्या उठल्या आणि छताकडे बोट करून नुसत्या उभ्या राहिल्या.

छताचा एक पत्रा उडालेला होता. त्या भोकातून उन्हाचा चौकोन सकाळपासून जमिनीवरून सरकत सरकत आला होता आणि नेमका साडेतीनला पॅनलवर चढला होता. मोटार जास्त तापली की तिला बंद करणारा जो जुन्या पद्धतीचा रिले आत बसवलेला होता, तो बिचारा उन्हाने तापत होता आणि मोटारच तापली असं समजून तिला बंद करत होता. तीन पन्नासला, आमच्या डोळ्यांदेखत, खट्ट करून मोटार थांबली. बाईंनी टाळी वाजवली. इतकी आनंदाने, की जिनिंगमधल्या सगळ्या बाया वळून पाहायला लागल्या आणि मग त्याही, काय झालं हे न कळता, टाळ्या वाजवायला लागल्या.

अहवालात त्यांनी लिहिलं: "कारण: सूर्य. उपाय: टिनपत्रा." वरिष्ठ साहेबांनी मला फोन करून विचारलं, ही काय थट्टा आहे? मी सांगितलं, थट्टा नाही सर, मोटार तेव्हापासून एकदाही थांबलेली नाही.

हे सगळं मी आज प्रेमाने सांगतोय. तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता. गावात लाईट नसली की लोक मला फोन करत, वरिष्ठ मला फोन करत, आणि बाई शांतपणे तिसऱ्यांदा तीच लाईन तपासत असत. "साहेब, बाईंना सांगा ना जरा," असं लाईनमन मला बाजूला घेऊन म्हणत. आमच्या पथकासोबत नेहमी असणारा वासुदेव तर म्हणायचा, "साहेब, माही बायको बाईचं नाव घेऊन शिव्या देते. रोज उशीर." शेवटी एका चिडक्या दुपारी मी वरिष्ठांना पत्र लिहिलं. सदर तंत्रज्ञ एका डीपीच्या तपासणीला तीन तास लावतात, कामाचा खोळंबा होतो, तरी त्यांची अन्यत्र बदली व्हावी. पत्र टाकलं आणि दोन दिवस बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. बाई आपल्या मजेत. मला घरची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊ घालत होत्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही गेलो. मे महिना. आदल्या दिवशीच्या वादळात तिथला डीपी बंद पडला होता. डीपी म्हणजे दोन खांबांमध्ये बसवलेला गावाचा ट्रान्सफॉर्मर. वरून अकरा हजार व्होल्टची लाईन येते, खालून घरांना लागणारी वीज निघते. तांड्यात त्याच दिवशी लग्न होतं. मांडव पडलेला, पाहुणे आलेले, आणि सगळ्यांचे डोळे आमच्यावर. माझा फोन थांबत नव्हता.

बाईंनी सुरुवातीला सगळं रीतसर केलं. वरची लाईन सबस्टेशनमधून बंद करून घेतली, खांबावरचा स्विच उघडला, जिवंत, मेलेली, जिवंत झालं, आणि वरच्या तारांना जमिनीशी जोडणारे रॉड टांगले. असे रॉड लटकवले की चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसाकडे न जाता जमिनीत जाते. मग ट्रान्सफॉर्मरला मेगर लावायचा होता. त्यासाठी रॉड काढावे लागतात आणि खालचे, घरांकडे जाणारे फ्यूजही. तेही काढले. याडीने कौल दिला, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, फक्त वरच्या तुटलेल्या तारा जोडायच्या बाकी होत्या. पाच मिनिटांचं काम. बाई आकडे लिहायला कडुनिंबाखाली बसल्या, वासुदेव पाणी प्यायला उतरला.

तेवढ्या वेळात मी एक हुशारी केली. दुसऱ्या लाईनमनला म्हटलं, "खालचे फ्यूज लावून टाक. तेवढाच वेळ वाचेल." त्याने लावले.

वासुदेव शिडीकडे निघाला. बाई उठल्या, हातात ती लांब काठी, टोकाला तपासणीचं यंत्र.

"थांब रे वासुदेव."

माझा तोल सुटला. "बाई, आत्ताच तर तपासली! लाईन बंद असल्याचं परमिट माझ्या खिशात आहे. स्विच उघडा आहे, इथून दिसतोय. लोकांच्या घरी लग्न आहे!"

"आत्ताच म्हंजे केव्हा?" बाई म्हणाल्या. "तो पानी प्याच्या आदी. आता तो पानी पिऊन आला."

मांडवाकडून दोन-चार पोरं आली होती, ती हसली. वासुदेवही हसला आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. बाईंनी डबीवर यंत्र लावलं, शिट्टी वाजली. मग काठी उंच करून ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या टोकाजवळ नेली.

शिट्टी वाजतच राहिली.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, यंत्र अडकलं. बाईंनी काठी दूर नेली, शिट्टी थांबली. पुन्हा जवळ नेली, पुन्हा शिट्टी. ज्या टोकाला वासुदेव आणखी मिनिटभराने हात लावणार होता त्या टोकावर वीज होती. बाईंच्या आवाजात एवढासाही फरक पडला नाही. "वासुदेव, पाय खाली घे. शिडीपासून दूर हो. सगळे मांगं." मग रबरी हातमोजे चढवून त्यांनी स्वतः खालचे फ्यूज एकेक करून ओढून काढले. काठी पुन्हा वर गेली. शांतता.

घडलं होतं ते असं. लग्नघरी भाड्याचा मोठा जनरेटर आला होता आणि तो नुकताच सुरू झाला होता. जनरेटरवाल्याने घरातले पंखे चालावेत म्हणून त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली होती. ती वीज घरातून गावच्या तारांवर आली, तारांवरून आमच्या डीपीवर आली, आणि मी लावायला सांगितलेल्या फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरली. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून घरगुती वीज मिळाली तर वर तो इमानदारीने अकरा हजार व्होल्ट तयार करून ठेवतो.

वासुदेव कडुनिंबाच्या बुंध्याशी खाली बसला. त्याच्या हातातला पाना अजून हातातच होता. बाईंनी तो सोडवून घेतला, त्याला पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"साहेब, फ्यूज कोनं लावले?"

दुसरा लाईनमन खाली पाहत होता. तो काही बोलला नसता. "मी सांगितलं लावायला," मी म्हणालो.

"बरं. लिवा."

वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी लिहिलं. त्या पानावर माझं वेडंवाकडं अक्षर आजही वेगळं ओळखू येतं. बाईंनी ती वाचली, वेळ लिहायची राहिली होती ती लिहायला लावली, आणि वही मिटली. त्या विषयावर त्या मला एवढंच बोलल्या. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझा सगळा राग मग मी लग्नघरी नेला. जनरेटरवाल्याची गचांडी धरली, गुन्हा दाखल करतो म्हणून ओरडलो. नवरीचा बाप हात जोडून मध्ये आला, म्हाताऱ्या बाया गोळा झाल्या. बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आदी जनरेटर, मंग राग." त्यांनी जनरेटर बंद केला आणि घरातल्या सॉकेटमधून त्याची वायर ओढून काढली. डीजे घुर्रर्र करत मेला. पोरांनी एकच कल्ला केला. बाई तिथल्या थोरल्यांशी गोरबोलीत बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण त्यांनी कडुनिंबाकडे, वासुदेवकडे बोट केलं तेव्हा सगळा मांडव त्या दिशेने वळला. नवरीचा बाप वऱ्हाडीत म्हणाला, "बाई, आमच्या दारात असं झालं असतं तं पोरीचं लगन कोन्या तोंडानं लावलं असतं आमी?" मग थोड्या वेळाने, "किती वेळ लागन आता?"

"चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "तवरोक गानी म्हना ना. तुमाले डीजे कायले पाह्यजे?"

आम्ही खांबाकडे परतलो. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तपासलं, रॉड टांगले. वासुदेव म्हणाला, "मीच चढतो." बाई म्हणाल्या, "चढ." तो चढला, आणि त्याच वेळी मांडवातून म्हाताऱ्यांचा आवाज आला. दहा-बारा जणी गोल करून टाळ्यांवर गात होत्या. डीजेच्या दणदणाटात कोणाच्या ध्यानात नव्हतं की त्यांना इतकी गाणी येतात. पोरंही हळूहळू गोळा झाली. त्या गाण्यांच्या तालावर वासुदेवने तारा जोडल्या, आणि खाली उभ्या असलेल्या बाई, नजर त्याच्या हातांवरून न हलवता, ओठातल्या ओठात तीच गाणी म्हणत होत्या.

लाईन चालू झाली. तांड्यात आरडाओरडा उठला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "एक्केचाळीस झाली."

जनरेटरची वायर फक्त मांडवाला जोडून दिल्यावर, आणि जनरेटरवाल्याकडून "सॉकेटमध्ये वायर घालणार नाही" हे तीनदा वदवून घेतल्यावर, बाई हातपाय धुऊन म्हाताऱ्यांच्या गोलात शिरल्या. डोक्यावर हेल्मेट तसंच. एका हाताने पदर कमरेला खोचला आणि काय नाचल्या! नवरी मांडवातून उठून पाहायला आली. आम्हाला पंगतीत बसवलं, बुंदी वाढली. वासुदेव बाईंच्या शेजारी बसला होता. बराच वेळ त्याने घास घेतला नाही. मग म्हणाला, "बाई, माही बायको तुमाले शिव्या देते. उशीर होते म्हनून. आज घरी जाऊन सांगतो तिले."

"देऊ दे ना," बाई म्हणाल्या. "उशिरा येतं, पन येतं ना तू घरी."

पुढच्या आठवड्यात माझ्या पत्राला उत्तर आलं. बाईंची यवतमाळच्या भांडारात बदली. मी हुकूम वाचला आणि तडक वरिष्ठांकडे गेलो, दुसरं पत्र घेऊन. त्यात फ्यूजचं सगळं लिहिलं होतं आणि आधीचं पत्र मागे घेत असल्याचंही. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"हे तू लिहिलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?"

"बाईंच्या वहीत आहे, सर."

"अच्छा. म्हणून लिहावं लागलं."

"वहीत पण मीच लिहिलंय, सर."

साहेबांनी पत्र फायलीत लावलं. मला मेमो मिळाला, नोकरीत कायम होणं सहा महिने लांबलं, आणि बाईंची बदली रद्द झाली. आईला सहा महिन्यांचं कारण सांगताना मी तांड्यावर बाईंनी कसं वाचवलं ते सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मले त्या बाईले पाह्याचं हाय. लुगडं नेसवतो."

बाईंना सांगणं मात्र राहिलं होतं. आर्णीच्या रस्त्याला गाडीत एकदा हिय्या केला. ड्रायव्हर चाचा पुढे, आम्ही मागे, मध्ये मेगरची आरशांची पिशवी.

"बाई, तुमच्याविरुद्ध मी एक पत्र लिहिलं होतं. तुम्ही फार वेळ लावता म्हणून."

"मालूम हाय."

"मालूम आहे? कधीपासून?"

"तू टाकलं त्याच दिवशी. हापिसात कागद टाकला तं चहावाल्यालेही समजते, बाबू." चारचौघांत मी साहेब असे आणि गाडीत बाबू.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत? मला भाकर खाऊ घालत होतात."

"भाकरीचा त्याच्याशी काय संबंध?" बाई म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात नाराजी उतरली. "पन किती वेळ लागते म्हनून लिवलं होतं तू?"

"तीन तास."

"चूक. दोन तास पन्नास मिनिटं. वही काढून पाह्य. मानसानं तक्रारही मोजून कराव."

चाचांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण हसण्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोरचं दिसत नव्हतं. मीही हसत होतो. बाईंना मात्र आम्ही का हसतोय ते कळलं नाही. त्यांनी खरंच वही काढली होती आणि माझ्यापुढे पान धरलं होतं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शेडमध्येच छोटा कार्यक्रम होता. खुर्च्या मांडल्या, हार आले, वरिष्ठ साहेब आले, वासुदेव बायकोला घेऊन आला. बाईंचाच पत्ता नव्हता, आणि उशीर करणं हे काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. इतक्यात फाटकाकडून झणझण असा आवाज यायला लागला. चौकीदार उठून उभा राहिला. आम्ही वळून पाहिलं आणि कोणी ओळखलंच नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हातात साधी काचेची बांगडीही कोणी पाहिलेली नव्हती. विजेच्या कामाला धातू नको, काच नको, हा त्यांचा नियम, तो त्यांनी लग्नसमारंभातही मोडला नव्हता, कारण बोलावणं कधीही येई. आज त्यांनी आईचे सगळे दागिने घातले होते. मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरे चुडे, गळ्यात रुपयांच्या माळा, पायात वाळे, भरतकामाचा घागरा, आरशांची ओढणी. हेल्मेट नव्हतं. केस पांढरे झालेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. यजमान मास्तर मागून चालत होते, लग्नातल्या नवऱ्यासारखे लाजत.

वरिष्ठ साहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी सचोटीबद्दल एक वाक्य म्हटलं, बाईंनी टाळी वाजवली, आणि सगळी शेड झणझणली. साहेब थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा टाळी, पुन्हा झणझणाट. बाईंना स्वतःच्याच हातांचा तो आवाज एवढा आवडला होता, की त्या प्रत्येक वाक्याला टाळी वाजवायला लागल्या, मग अर्ध्या वाक्याला, मग साहेबांनी श्वास घेतला तरी. वासुदेवची बायको उठली आणि तिनेही साथ धरली. साहेब हसत हसत खाली बसले. भाषण राहिलं ते राहिलंच. बाई मात्र दोन्ही हात उंच करून, लहान पोरीसारख्या, वाजवत होत्या, वाजवत होत्या.